आधी जाळी, मग नक्षी

चित्रकलेच्या तासाला आमचे सर रंगाची पेटी सहजासहजी उघडू देत नसत. आधी चौरस आखायचा, मग मध्यरेषा, मग कर्ण. चौरसाचे आठ त्रिकोण झाले की त्यातल्या एकाच त्रिकोणात पान, कळी, वेल, जे सुचेल ते काढायचं. ते बटर पेपरवर उतरवायचं, कागद उलटा ठेवून नखानं घासायचं, की शेजारच्या त्रिकोणात त्याचं प्रतिबिंब उमटायचं. असं आठही घरांत फिरून झालं की ज्याला चित्रकला येत नाही असं सगळे म्हणायचे, त्याच्याही कागदावर भरगच्च फूल उमललेलं असायचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचं संकल्पचित्र आपल्या शाळेत आम्ही असं शिकलो. "आधी जाळी, मग नक्षी," हे सरांचं ठरलेलं वाक्य.

आज मी इचलकरंजीत डॉबी आणि जकार्ड या कापडात नक्षी विणणाऱ्या मागांसाठी डिझाइन काढतो. शाळेत शिकलेलं काय कामाला आलं, असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा चित्रकलेचा तास सांगतो.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापूरच्या पोराला सांगावा लागत नाही. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यात देवीपर्यंत पोहोचतात, एकदा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारी संपता संपता. पण वर्षातून दोनदा का, हे आम्हाला कळलं ते सरांनी फळ्यावर मांडलं तेव्हा. सूर्य मावळण्याची जागा २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडे सरकत जाते आणि तिथून परत फिरते. म्हणजे डिसेंबरची ती तारीख ही जणू कागदाची घडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना साधारण सहा-सहा आठवड्यांवर किरणोत्सव. बटर पेपर जसा उलटून ठेवायचा, तसंच वर्षही उलटून ठेवलेलं. सममिती कागदावरच नसते, काळातही असते, हे त्या दिवशी समजलं, आणि देऊळ बांधणाऱ्यांनी ती दगडात कशी पकडली याचं नवल आजही ओसरलेलं नाही.

गुजरीतल्या सराफी दुकानांच्या काचेतला कोल्हापुरी साज सरांनी बघायला लावला, तोही याच नजरेनं. परंपरेनं साजात २१ पानं, म्हणजे पदकं. मासा, कासव, शंख, कमळ, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. तरी गळ्यात घातल्यावर साज विस्कटलेला दिसत नाही, कारण दोन पानांमधले मणी सारखे आणि पानांचं आकारमानही जवळपास एकच. अंतर सांभाळलं की आतल्या आकाराला हवं तसं बागडू देता येतं. मला वाटतं, सुव्यवस्थेबद्दल लोकांचा मोठा गैरसमज इथंच होतो. सगळं एकसारखं करणं म्हणजे सुव्यवस्था नव्हे. काय बदलायचं नाही हे एकदा ठरलं की बाकीचं मोकळं होतं.

सहलीला खिद्रापूरला गेलो तेव्हा हे आणखी ठसलं. बाराव्या शतकातलं शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं, त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा, आणि भोवती १२ खांबांचं वर्तुळ. मंडपाचे एकूण खांब ४८. त्या शिळेवर उभं राहून हळूहळू स्वतःभोवती फिरायचं, एवढंच काम सरांनी दिलं होतं. खांबांमागे खांब लपतात, पुन्हा बाहेर येतात. एकेक खांब खालून वर बघत गेलं तर चौकोन, अष्टकोन, गोल असे आकार बदलत जातात, पण मधला बिंदू सुटत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, कारण सरांची जाळी मला तिथं नव्यानं सापडली. साटीनच्या कापडाला चमक का असते? ८ धाग्यांचं साटीन घ्या. ८ बाय ८ चौकटींचा आलेख, प्रत्येक उभ्या ओळीत धागा बांधणारा एकच ठिपका, म्हणजे उभा-आडवा धागा एकमेकांत अडकतो ती जागा. दर वेळी एकेक घर वर सरकलं तर ठिपक्यांची तिरपी रेघ तयार होते. जीनच्या कापडावर दिसते ती हीच. साटीनमध्ये रेघ नको असते. म्हणून तीन-तीन घरं सरकायचं: १, ४, ७, २, ५, ८, ३, ६. प्रत्येक घर एकदाच येतं, एकही सुटत नाही, ठिपके एकमेकांपासून लांब पांगतात, आणि वरचे लांब धागे त्यांना झाकून टाकतात. कापड गुळगुळीत दिसतं. दोन-दोन घरं सरकलात तर चौथ्या उडीनंतर पहिल्याच घरात परत याल आणि निम्मी घरं रिकामी राहतील. ६ धाग्यांत तर हे नियमित साटीन बसतच नाही. १ किंवा ५ घरं सरकलं तर रेघ उमटते, २, ३ किंवा ४ सरकलं तर घरं सुटतात. हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला इतका आनंद झाला की समोरच्या मागवाल्याला बसवून तो पुन्हा करून दाखवला.

रांगोळीच्या ठिपक्यांत नियम उघड दिसतो, साटीनमध्ये तो डोळ्यांपासून लपवायचाच असतो. दोन्हीकडे तो तितकाच काटेकोर लागतो. संगणकावर डिझाइन काढणारी नवी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना पहिले काही दिवस आलेखाचा कागद आणि पेन्सिलच देतो. हातानं घरं मोजल्याशिवाय रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, कुठं जुळतो आणि कुठं तुटतो हे अंगात मुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शाळेच्या महोत्सवाच्या निमित्तानं शाळेकडे एक मागणं आहे. चित्रकलेचा तास गणित-विज्ञानाच्या उजळणीला देण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे, ती आपल्याकडे येऊ देऊ नका. आणि दरवर्षी आठवीच्या मुलांना एकदा खिद्रापूरला न्या. नृसिंहवाडी, कुरुंदवाड करून संध्याकाळपर्यंत परत येता येतं. गाडीचा आणि आलेखवह्यांचा खर्च मी उचलतो. मुलांबरोबर यायलाही मला आवडेल.