ग्लिसरिनचा पावसाळा

आषाढात गोव्यात जलरंगांची पेटी उघडली की रंग दिसायच्या आधी वास येतो. ओल्या गोणपाटाचा. झाकण उचलावं तर आतल्या वड्या घामेजलेल्या, एकदोन वड्यांवर राखाडी लव उगवलेली, आणि बोट टेकवलं की पाघळलेल्या गुळासारखा रंग बोटाबरोबर वर येतो. कंपनीने फसवलं म्हणावं, तर जानेवारीत हीच पेटी शहाण्यासारखी वागलेली असते. सगळी करामत ग्लिसरिनची. आणि ते रंगात कुणी घातलं, हे पाहायला लंडनपर्यंत जावं लागतं.

जलरंगाच्या घट्ट वड्या रीव्ज बंधूंनी बाजारात आणल्या. १७८१ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यासाठी त्यांना बक्षीस म्हणून चांदीचं पॅलेट दिलं. वडी मात्र अशी टणक, की सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती चिनीमातीच्या बशीत पाणी घालून उगाळावी लागे. आकाशाचा एक हात मारायचा म्हटला तरी आधी मनगट दुखायचं. १८३२ मध्ये विल्यम विन्सर हा रसायनाचा जाणकार आणि हेन्री न्यूटन हा चित्रकार, या दोघांनी ३८, रॅथबोन प्लेस इथे दुकान थाटलं. १८३५ च्या सुमारास त्यांनी रंगात ग्लिसरिन घातलं आणि वडी मऊ राहू लागली. ओला ब्रश फिरवला की रंग सुटायचा, उगाळणं संपलं. जोडी अगदी योग्य होती. एकाला पदार्थ कसा वागतो ते कळत होतं, दुसऱ्याला तो कसा वागायला हवा ते.

ग्लिसरिनचा स्वभाव एकच: हवेतली ओल ओढायची आणि धरून ठेवायची. विलायतेत हिवाळ्यात शेकोटी पेटवलेल्या कोरड्या खोलीत हा गुण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या मुलखात तोच अवगुण. हवेतच ओल एवढी, की वडी ती पीत राहते आणि वाळायचं नावच घेत नाही. त्यात रंगाची भुकटी बांधून ठेवणारा बाभळीच्या जातीचा डिंक म्हणजे बुरशीला आयती पंगत.

म्हणून इथे स्वतः रंग घोटणाऱ्याने पुस्तकी माप डोळे झाकून घेऊ नये. वजनाने एक भाग अरबी डिंक आणि दोन भाग गरम पाणी, रात्रभर भिजवून सकाळी मलमलीतून गाळायचं. यात पाव भाग ग्लिसरिन किंवा मध घाला असं सांगतात. गोव्यासाठी त्याच्या निम्मं पुरे. वर लवंगतेलाचे एकदोन थेंब, बुरशीसाठी. हे मिश्रण आणि रंगाची भुकटी काचेवर काचेच्याच घोटणीने घोटायची, करकर बंद होईपर्यंत. डिंक कमी पडला तर वाळलेल्या चित्रावरून बोट फिरवताच भुकटी सुटते. जास्त झाला तर रंग चमकतो आणि जाड थराला तडे जातात. साच्यात मिश्रण एकदम भरायचं नाही. पाणी उडालं की ते आक्रसतं आणि मधोमध खड्डा पडतो. तीन थर द्यावेत, पहिला वाळल्यावर दुसरा. ही घाई जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी करतोच.

ट्यूबचा शोध मात्र रंगवाल्या कंपनीचा नाही. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन व्यक्तिचित्रकाराने १८४१ मध्ये दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचा. टाचणीने भोक पाडायचं, हवा तेवढा पिळायचा आणि भोक खिळ्याने बुजवायचं. बुजवलं तरी हवा आत शिरायचीच. विन्सर अँड न्यूटनने ही नळी उचलली, आणि १८४६ मध्ये जलरंगही त्यांनी ट्यूबमध्ये भरले. भरणं शेपटाकडून होतं, तोंडाकडून नव्हे. झाकण आधी लावलेलं असतं, आणि रंग भरल्यावर शेपटीला घडी घालून दाबतात. हे ठाऊक असलं की एक उपाय आपोआप सुचतो: झाकण कायमचं बसलंच, तर घडी उलगडून मागून रंग काढता येतो.

पण तिथवर जायची गरज सहसा पडत नाही. आटे पुसून झाकण लावलं तर ते चिकटतच नाही, कारण चिकटतो तो आट्यांतला डिंक. चिकटलंच तर फक्त झाकण मिनिट दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवायचं, मग ट्यूबचा खांदा धरून झाकण फिरवायचं. पोट धरून पिळलं की ॲल्युमिनियम मानेशी फाटतं आणि पुढचा महिनाभर पेटीभर निळं होत राहतं.

मराठी घरात रंग म्हटलं की उंटाचं चित्र डोळ्यांपुढे येतं. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरुवात केली ती शाईच्या पुडीने, आणि तीही घोडा छापाच्या. उंट मागाहून आला. ‘कॅमल’ आणि ‘इंक’ जोडून कॅम्लिन झालं, आणि साठच्या दशकात ही मंडळी चित्रकलेच्या रंगांकडे वळली. शाळेच्या दप्तरातला रंग असल्याने काहीजण नाक मुरडतात. ते मुरडण्याआधी ट्यूबची पाठ वाचावी. तिथे रंगद्रव्याचा आकडा, ‘पीआर १०१’ असा काही, छापलेला असेल तर तो कृत्रिम लोहभस्माचा लाल, ‘पीआर १०२’ म्हणजे नैसर्गिक गेरू. दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत, मग छाप उंटाचा असो की विलायती. आकडा नसलेल्या ट्यूबवर विश्वास ठेवू नये, एवढं खरं.

आणि लाल रंगासाठी गोव्याने ट्यूबची वाट कधी पाहिली? देवळांच्या भिंतींवरची कावी कला याच लोहभस्माची. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. त्या लाल भुकटीला हुरमुंजी म्हणतात. नावात होर्मूझचं बेट, जे शंभर वर्षांवर पोर्तुगीजांच्याच ताब्यात होतं. इथे डिंक नाही, ग्लिसरिन नाही. चुना हवेतला कर्बवायू शोषून दगड होतो, आणि त्या कामाला थोडी ओल उलट हवीच असते. दमट किनाऱ्याला शोभणारा रंग खरा हाच.

जलरंगवाल्याला मात्र पावसाशी तडजोडच करावी लागते. काम झाल्यावर पेटी लगेच मिटू नये. पंख्याखाली तीनचार तास उघडी ठेवावी. बुरशी आलीच तर कापसाला स्पिरिट लावून वरवर पुसावी. ब्रश ओला असताना उभा ठेवला की पाणी पत्र्याच्या नळीत उतरतं, दांडा फुगतो आणि मग डोकं डुलू लागतं. तो आडवाच वाळवावा. सगळ्यात मोठं नुकसान कागदाचं, आणि ते दिसत नाही. रंग आत शिरू न देणाऱ्या, कागदावरच्या जिलेटिनच्या खळीला ओल लागली की ती जागोजागी मरते. कोरा कागद निर्मळ दिसतो, पण पहिला पातळ हात मारताच त्या ठिपक्यांत रंग शाई टिपल्यासारखा शिरतो आणि मग काही केल्या निघत नाही. कागद जाड प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि दाणे ओलावले की पुडीतून काढून मंद आचेवर परतून घ्यावेत.

पावसाळा सरला की हवा फिरते. जुलैत पाघळलेली वडी डिसेंबरात कडांपासून सुटते, कधी दुभंगते, पेटी हलवली की खुळखुळते. तेव्हा तुकडे तिथेच नीट बसवून वर दोन थेंब पाणी आणि काडीच्या टोकावर मावेल एवढं ग्लिसरिन सोडावं.