बेरीज नऊ

काकांचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी तिथं जायची आणि फाउंड्रीच्या धुरात तासभर रेंगाळायची. ॲम्बेसिडरचे टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट जुळवताना, काका विचारायचे, "आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलाय, आता सेट कुठला करायचा गं?" "एक!" तीन दाबला की सहा. दाबलेला आणि सेट करायचा, दोन्ही नंबरांची बेरीज नऊ आलीच पाहिजे.

गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ १९७२ ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली, बॉनेट उचललं आणि मला उद्यमनगरच दिसलं. ॲम्बेसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, हे १७९८ सीसीचं, पण दोन्ही एकाच ब्रिटिश 'बी सिरीज' घराण्यातली. ही गाडी जिथं तयार झाली ते ॲबिंग्डन इथून जवळच आहे. तिथला कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

गाडी वीसेक मिनिटं छान पळायची आणि मग भर रस्त्यात बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. इथल्या एका गॅरेजवाल्यानं दोन्ही कार्बोरेटर खोलायला सांगितले. मी त्यांच्या दुरुस्तीचं किट मागवणारच होते, पण आधी काकांना व्हिडिओ कॉल लावला. इथं संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे साडेदहा. काका जेवून अंगणात बसले होते.

"बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडला ते सांग आधी."

ते मी बघितलंच नव्हतं. पुढच्या वेळी मुद्दाम बघितलं. गाडी गिअरमध्ये होती, चाकं इंजिनाला फिरवत होती, तरी काटा एकदम शून्यावर. या गाडीत काट्याला इशारा मिळतो तो इग्निशनच्या करंटमधून. इंजिन फिरत असताना काटा आपटला, तर करंट तुटला. पेट्रोल कमी पडलं असतं तर गाडीनं झटके खाल्ले असते, मिसिंग केलं असतं आणि काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरला असता. या एका निरीक्षणानं माझे दोन्ही कार्बोरेटर वाचले.

तरीही काकांनी पेट्रोलचा पंप ऐकायला लावला. चावी फिरवली की मागच्या चाकाजवळ टकटकटक होतं आणि कार्बोरेटरमधली फ्लोटची वाटी पेट्रोलनं भरली की थांबतं. टकटक थांबलीच नाही तर टाकीत पेट्रोल नाही किंवा कुठं तरी गळतंय. आवाजच आला नाही तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, लाकडी दांड्यानं हळूच ठोकून बघायचं. माझा पंप बरोबर होता.

मग प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आत सीबी पॉइंटकडे, म्हणजे इग्निशनचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचकडे, जाणारी बोटभर वायर असते. "ओढून बघ. हळू." ओढली तर रबरासारखी ताणली गेली! आतलं तांबं तुटलेलं, नुसतं वरचं आवरण शाबूत. ॲक्सिलरेटर कमी-जास्त झाला की व्हॅक्यूमनं आतली प्लेट सरकते आणि प्रत्येक वेळी ती वायर वाकते. इतक्या वर्षांत ती किती वेळा वाकली असेल! गरम झाली की तुटलेली टोकं दूर जायची, थंड झाली की पुन्हा चिकटायची. नवी वायर घातली, पॉइंटमधली फट फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यानं, ०.०१५ इंच ठेवली. त्यानंतर गाडी एकदाही थांबलेली नाही.

कोल्हापुरात जुनी गाडी किंवा स्कूटर सांभाळणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. इथं ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्याकडे तर वीस टक्क्यांपर्यंत गेलंय. आपल्या उसातून ते होतं याचा मला आनंदच आहे, पण जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, चिरतात. माझ्या गाडीची नळी नखानं दाबली तर तिला भेग पडली. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, त्याच घाला. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथं वार्षिक तपासणीची सक्ती नाही, त्यामुळे हे सगळं मलाच बघावं लागतं.

दुरुस्तीनंतर गाडी चालू करून फोन बॉनेटजवळ धरला. काका बराच वेळ ऐकत राहिले.

"एक टॅपेट ढिला वाजायलाय. इंजिन गार असताना बघ."

शनिवारी सकाळी कव्हर काढलं. सात नंबर निघाला. दोन नंबर पूर्ण दाबला आणि सात सेट केला.