लॉगिनवाचून जोडली जाणारी हार्ड डिस्क

घरगुती संगणकांच्या कामांत मला अगदी अलीकडे गुंतवून ठेवणारे प्रकरण भेटले, ते नाशिकमधल्या एका निवृत्त संगीतशिक्षकांच्या घरी. त्यांनी जुन्या बैठकींच्या कॅसेट डिजिटल करून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर साठवल्या होत्या, आणि टीव्हीवर त्या ऐकता याव्यात म्हणून मुलाने जुन्या संगणकावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि संगणकावरचे संगीत टीव्हीपर्यंत पोहोचवणारा जेलीफिन हा सर्व्हर, असे दोन्ही बसवून दिले होते. "संगणकावर सगळं दिसतं हो, पण टीव्हीवर फोल्डर रिकामा," काका म्हणाले.

मुलाने डिस्कला सर्वांसाठी खुली परवानगी देऊन पाहिली होती, पण डिस्क एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीची होती आणि त्या पद्धतीत फाइलींच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत. शिवाय अडसर डिस्कवर नव्हताच. डेस्कटॉप जेव्हा डिस्क आपोआप माउंट करतो, म्हणजे वापरासाठी एखाद्या फोल्डरशी जोडतो, तेव्हा ती 'मीडिया' फोल्डरमध्ये लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या नावाखाली जोडली जाते आणि त्या नावाच्या फोल्डरमध्ये शिरण्याची मुभा त्या व्यक्तीलाच असते. जेलीफिन मात्र 'जेलीफिन' नावाच्या वेगळ्या यूजरच्या हक्काने चालतो. मार्गातल्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या क्रमाने दाखवणारी कमांड चालवताच वाट नेमकी कुठे बंद आहे ते काकांनाही स्क्रीनवर दिसले.

त्या फोल्डरपुरती परवानगी देऊन काम आटोपता आले असते, पण ते मला पटेना. वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू होई, मात्र कोणी लॉगिन करीपर्यंत डिस्क माउंटच होत नसे. आयुष्यभराचा ठेवा ऐकायला दर वेळी कीबोर्डपाशी जावे लागणे योग्य नव्हते.

म्हणून सर्व्हरच्या फाइलींसाठी असलेल्या 'एसआरव्ही' फोल्डरखाली स्वतंत्र फोल्डर करून, संगणक सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कची नोंद केली. दुसरी डिस्क लावली की संगणकाने दिलेले 'एसडीबी'सारखे नाव बदलू शकते, त्यामुळे नोंद यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने केली. एक्सफॅटमध्ये तो मधे आडवी रेघ असलेला आठ अक्षरांचा असतो. मालकी काकांच्या यूजरकडे, गट जेलीफिनचा आणि कोणाला कोणती परवानगी नाकारायची ते ठरवणारा यूमास्क ०२७ ठेवल्याने सर्व्हरला फक्त वाचता येते, चुकूनही काही पुसता येत नाही. ही तजवीज मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती. डिस्क नसली तरी संगणक सुरू होऊ देणारा 'नोफेल' हा पर्यायही लिहिला, कारण तो नसता आणि डिस्क काढलेली असती, तर उबुंटू सुमारे ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत अडकले असते. मात्र 'नोफेल'मुळे डिस्क जोडली जाण्याआधीच जेलीफिन सुरू होऊ शकतो, म्हणून माउंट झाल्यावरच सुरू व्हावे अशी अट त्याच्या सर्व्हिसमध्ये, म्हणजे तो कसा सुरू व्हावा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये घातली.

शेवटी जेलीफिन यूजरच्या नावाने फोल्डरची यादी मागवून पाहिली, मग संगणक बंद करून, कीबोर्ड काढून ठेवून पुन्हा सुरू केला. टीव्हीवर सगळे फोल्डर आले. एफएसटॅबमधली ओळ काकांनी स्वतः वहीत उतरवून घेतली, कारण डिस्क कधी फॉरमॅट केली तर यूयूआयडी बदलेल आणि नोंदही बदलावी लागेल.