काजाएवढं तोंड

मुलगा 17 वर्षांचा, मध्यम पल्ल्याचा धावपटू. सरावाच्या शेवटच्या फेरीत कोसळला तो उठलाच नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावर आला तेव्हा बुटांच्या नाड्या तशाच घट्ट बांधलेल्या होत्या.

अशा केसमध्ये पहिला संशय जाड झालेल्या हृदयस्नायूवर जातो. मी टोकाकडून आडव्या चकत्या काढल्या. भिंती बेताच्या, झडपा स्वच्छ, वजन 310 ग्रॅम. मदतनीस म्हणाला, "मॅडम, हे तर नॉर्मलच आहे." मलाही तसंच वाटलं होतं. मेंदूत, फुप्फुसांत काही नाही. 'मत राखून ठेवले' असं लिहून मोकळं होण्याचा मोह झाला, खोटं कशाला सांगू?

पण हृदयधमन्यांची, म्हणजे खुद्द हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांची, तोंडं बघायची राहिली होती. ती महाधमनीच्या, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, मुळाशी उघडतात. महाधमनी अजून उभी चिरली नव्हती हे नशीब, कारण कात्री त्या जागेतून गेली की पुरावाच कापला जातो. वरून आत डोकावले. डाव्या खिशात, म्हणजे महाधमनीच्या मुळाशी झडपेच्या पाकळीमागे असतो त्या फुगवट्यात, जिथे डाव्या धमनीचं तोंड असतं, तिथे गुळगुळीत भिंत. दोन्ही तोंडं उजव्या खिशात, शेजारी शेजारी. उजवं गोल, डावं म्हणजे शर्टाच्या काजासारखी बारीक फट. त्यात बारीक सळई घातली, तर ती महाधमनीच्या भिंतीतूनच तिरकी सरकली आणि पुढे महाधमनी नि फुप्फुस धमनी यांच्या बेचक्यातून डावीकडे निघाली.

बसल्याजागी ही रचना निभावून जाते. धावताना महाधमनी ताणली जाते, फट मिटू लागते, आणि हृदयाला जास्त रक्त हवं असतं नेमकं तेव्हाच. डाव्या कप्प्याचा बहुतेक पुरवठा याच धमनीवर. तो तुटला की ठोके बेताल होतात. जन्मजात दोष किती वर्षं गप्प बसेल याचा नेम नसतो. अमेरिकी बास्केटबॉलपटू पीट मॅराविचला तर डावी हृदयधमनीच नव्हती. व्यावसायिक कारकीर्द संपवून तो 1988 मध्ये, चाळिशीत, एका साध्या सामन्यात कोसळला.

वडील बाहेर फाइल घेऊन बसले होते. "ईसीजी नॉर्मल होता हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरंच होता. या दोषात विश्रांतीचा ईसीजी बहुधा नॉर्मलच येतो. ट्रेडमिलची चाचणीसुद्धा फसवू शकते. मी विचारलं, पळताना कधी चक्कर, छातीत दुखणं?

ते गप्प झाले. मग म्हणाले, "महिन्यापूर्वी मैदानातच शुद्ध हरपली होती. उपाशी पळाला असेल म्हणून आम्ही साखरपाणी दिलं."

त्यावर मला बोलता आलं नाही. धाकटाही पळतो, हे त्यांनी जाताना सांगितलं. हा दोष बहुधा घरात एकालाच असतो, तरी मी चिठ्ठी लिहिली: टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा, दोन्ही हृदयधमन्यांची तोंडं दिसली की नाही ते अहवालात स्पष्ट लिहावं, न दिसल्यास सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन). 'स्पष्ट' खाली दोनदा रेघ मारली.