पन्हळी रस्त्याचे ३८ किलोमीटर आणि चुकीचे टायर

प्रवासाला निघण्याच्या आठ दिवस आधी मी माझ्या मोठ्या एसयूव्हीला नवे टायर आणि नवे शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळकांडी) बसवून घेतले आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त आदळू लागली. जड गाडीला दहा प्लाय रेटिंगचे, म्हणजे जास्त भार पेलणारे ताठर टायर आणि कडक शॉक लागतातच, थोडे अंतर चालले की सगळे नरम पडते, असे बसवणाऱ्याने ठामपणे सांगितले होते. ते खरे नाही. शॉकचे नवे सील थोडे रुळते एवढेच. आतल्या झडपांची बांधणी आणि टायरच्या साइडवॉलचा, म्हणजे बाजूच्या भिंतीचा, ताठरपणा अंतर कापल्याने बदलत नाही.

प्रवास चार दिवसांचा होता. पहिला आणि शेवटचा दिवस चांगल्या डांबरी रस्त्यावर गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जो ३८ किलोमीटरचा कच्चा रस्ता लागला, त्याच्यासाठीच हे लिहीत आहे. पन्हळी पत्रा आडवा पसरावा तशा त्याच्यावर सलग वळ्या पडलेल्या आहेत. उतरून टेपने मोजले तेव्हा दोन माथ्यांमधले अंतर सुमारे ७५ सेंटिमीटर भरले. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना अशा रस्त्यावर चाकाला सेकंदाला जवळपास १५ धक्के बसतात, आणि चाक व आस यांचे स्वतःचे उसळणेही साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा होत असल्यामुळे नेमक्या त्याच वेगाला चाके जमिनीवर टिकत नाहीत. डॅशबोर्डचा खडखडाट सहन करता येतो. पण एका वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर सरकली, तेव्हा मी खरोखर घाबरलो. शेवटच्या रांगेत बसलेल्या आईने मान धरून गाडी थांबवायला सांगितली. तोपर्यंत अकरा किलोमीटर झाले होते.

तिथे हवेचा दाब तपासला तर चारही टायरांत ५० पीएसआय निघाला. दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर ३५ लिहिलेले आहे, पण तो आकडा कारखान्यातून आलेल्या टायरसाठी असतो. माझ्या नव्या टायरसारख्या, हलक्या ट्रकच्या प्रकारातील टायरला तेवढाच भार पेलण्यासाठी जास्त दाब लागतो, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. टायर कंपनीचा भार आणि दाब यांचा तक्ता पाहावा लागतो, आणि तो बसवणाऱ्याने पाहिलेला नव्हता. मी कच्च्या रस्त्यापुरता दाब ३० वर आणला आणि वेग ३० च्या खाली ठेवला. तीक्ष्ण ठोके लगेच बोथट झाले. डांबरावर चढण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे बंधनकारक समजा, कारण कमी हवेवर वेगाने चालवले तर टायर तापून फुटू शकतो. कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा काढूच नका.

वेग वाढवला की गाडी वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते, असा सल्ला तुम्हालाही मिळेल. भरलेल्या गाडीने तो मानू नये. धक्के कमी होतात हे खरे, परंतु चाके जमिनीला जेमतेम टेकत असल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही ऐनवेळी दगा देतात.

हवा कमी केल्यानंतरही मागची बाजू हळूहळू खाली बसत जाऊन बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंगची हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळत होती. मुक्कामी पोहोचल्यावर मी गाडीखाली आडवा झालो, तेव्हा कारण सापडले: शॉकवरचा नॉब आठपैकी आठव्या, म्हणजे सर्वांत कडक खाचेवर ठेवलेला होता. चाक परत खाली येण्याच्या दिशेने शॉक इतका अडवत असेल, तर पुढची वळी येण्यापूर्वी चाक पुरते खाली उतरतच नाही, आणि प्रत्येक धक्क्यागणिक स्प्रिंगची उरलेली हालचाल कमी होत जाते. नॉब तिसऱ्या खाचेवर आणला. दुसऱ्या दिवशी परतताना बंप स्टॉपचा आवाज एकदाही झाला नाही.

सोबतची दुसरी गाडी याच मॉडेलची होती, मात्र २२ इंची रिमची. तिचे टायर २८५/४५ आर २२, माझे २७५/६५ आर १८ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत साइडवॉल, इंचांत रिम). दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच आहे, पण तिची साइडवॉल १२८ मिलिमीटर आणि माझी १७९. एका दगडावर आदळून तिची रिम वाकली. मोठ्या रिमवर आराम शोधू नका. ब्रेकवरून बसणारी सर्वांत लहान रिम घ्या.

घरी आल्यावर मी त्याच मापाचे, साध्या भारक्षमतेचे टायर घेतले. ते हलके असल्यामुळे चाकाला वरखाली होणेही सोपे जाते. तरीही बारीक धक्के उरलेच, आणि या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे: शॉक बसवताना खालच्या कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असतानाच आवळले होते. तसे केल्यास आतले रबरी बुश (सांध्यातली रबरी नळी) त्या स्थितीत पकडले जातात, गाडी जमिनीवर उतरताच पिळले जातात, सतत ताणाखाली राहतात आणि लवकर फाटतात. दुसऱ्या ठिकाणी ते सैल करून, गाडीचे वजन चाकांवर असताना, टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळून घेतले आणि मग अलाइनमेंट केले. शॉक बदलणाऱ्याला हा एकच प्रश्न आधी विचारा: बोल्ट कोणत्या स्थितीत आवळणार? उत्तर चाचरत आले तर गाडी परत घेऊन या.

क्रमही मी उलटा केला होता. बरोबर क्रम असा: आधी दाब, मग टायर आणि बुश, आणि शॉक सर्वांत शेवटी. शॉकमधून तेल गळत असेल किंवा टायर वाटीसारखे खाचून झिजत असतील, तरच शॉक आधी.

दोन महिन्यांनी मी मुद्दाम त्याच रस्त्यावर गेलो. पहिल्या खेपेला २ तास ४० मिनिटे लागली होती, या खेपेला १ तास ३५ मिनिटे लागली. आनंदाने मी एकदा मागे वळून पाहिले. वळ्या संपायला अजून बराच अवकाश होता, आणि शेवटच्या रांगेत आई खिडकीला डोके टेकून झोपलेली होती.