आप्पांचं बीपी आणि खोलीतली गरमी, आता एकाच ग्राफवर

मंडळी, बीपी मशीन एकदाचं ईएसपी३२ शी, म्हणजे वायफाय-ब्लूटूथवाल्या छोट्या बोर्डाशी, बोलायला लागलं. ज्यांचं गाडं इथंच अडलंय त्यांच्यासाठी आधी हेच सांगतो. मशीन ब्लूटूथची स्टँडर्ड ब्लड प्रेशर सर्व्हिस, म्हणजे हेक्समध्ये १८१०, वापरत असेल तर रीडिंग त्या सर्व्हिसमधल्या २ए३५ नंबरच्या कप्प्यावर येतं, पण ते नोटिफिकेशन म्हणून येत नाही, इंडिकेशन (पोहोच मागणारा मेसेज) म्हणून येतं, त्यामुळं सबस्क्राइब करताना १ नाही, २ लिहायचा, नायतर कनेक्ट झालेलं दिसतं आणि डेटाचा पत्ता नाही. आकडापण सोडवून घ्यावा लागतो, १६ बिटांतले वरचे ४ घातांकाचे, खालचे १२ आकड्याचे. तिथून एमक्यूटीटीनं (उपकरणांनी एकमेकांना मेसेज पाठवायची पद्धत) रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरच्या होम असिस्टंटला, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला. क्लाउड अजिबात नाही, घरातल्या माणसाचं बीपी घराबाहेर जाणार नाही, यात मी हट्टी आहे.

आता खरा मुद्दा. एका रीडिंगवर अलार्म वाजवण्यात काही अर्थ नाही. घरच्या मोजणीला १३५/८५ ची रेघ धरतात, दवाखान्यात १४०/९० ची, पण ती सरासरीला लावायची असते, आप्पा जिना चढून आले की त्यांचं बीपी जास्त येणारच. म्हणून खुर्चीच्या गादीखाली प्रेशर स्विच घातलाय, आप्पा बसले की टायमर चालू, ५ मिनिटं झाली की भिंतीवरचा छोटा एलईडी हिरवा होतो, मग पट्टा बांधायचा, हात छातीच्या उंचीला टेबलावर, मिनिटाच्या अंतरानं दोन रीडिंग आणि त्यांची सरासरी. मधेच उठले तर टायमर परत शून्यावर. आता तेच विचारतात, "दिवा लागला का रं?" मेसेज मला तेव्हाच येतो जेव्हा आठवड्याची सरासरी त्यांच्याच मागच्या महिन्यापेक्षा बरीच सरकते.

आणि सोलापूरचा उन्हाळा यात धरलाच पाहिजे. बीएमई२८० हा तापमान मोजणारा सेन्सर झोपायच्या खोलीत लावलाय. दुपारी बाहेर ४२-४३ झालं की वरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरमी सोडत राहतो, खोली काही थंड होत नाही. ग्राफवर खोलीचा पारा चढत गेला तसं सकाळचं बीपी उतरत गेलेलं स्पष्ट दिसतं. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, घामातून पाणी-मीठ जातं, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू, मग उठल्या उठल्या चक्कर. ग्राफची प्रिंट डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ती नीट बघून डोस बदलला. गोळी कमी-जास्त करणं आपलं काम नाही, आपलं काम त्यांच्यापुढं स्वच्छ आकडे ठेवायचं.

मॅक्स३०१०२ या नाडी-ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर मात्र माझं मन बसलं नाही. ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० चा इन्फ्रारेड उजेड बोटातून परत येतो त्यावर सगळं चालतं, बोट जरा हललं की सिग्नल गेला. बसल्या जागी नाडी बरी मिळते, ऑक्सिजनचा आकडा कॅलिब्रेशनशिवाय मी ग्राफवर घेणार नाही.

लाइट गेली की राउटर बंद, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावला.

पुढचं काम वजनकाटा. आईचे पाय सुजतात, आणि दोन-तीन दिवसांत वजन झपकन वाढलं तर ते बहुतेक अंगात साठलेलं पाणी असतं, तेव्हा रोज सकाळी आपोआप नोंद झाली पाहिजे. नवी पेठेत विचारलं, खोक्यावर नुसतं ब्लूटूथ लिहिलेलं असतं, आत काय ते कळत नाही. १८१डी, म्हणजे वजनकाट्याची स्टँडर्ड ब्लूटूथ सर्व्हिसवाला काटा कुणाकडं असेल तर एनआरएफ कनेक्ट या ब्लूटूथ सर्व्हिस दाखवणाऱ्या अ‍ॅपनं तपासून मॉडेल नक्की कळवा.