झिंग्याच्या रक्तातला सापळा

एम.एस्सी.च्या प्रकल्पात रक्तातलं एक प्रथिन तपासायला मला हॉर्सशू क्रॅबचं, म्हणजे घोड्याच्या नालेसारखं कवच असलेल्या समुद्री प्राण्याचं, रक्त हवं होतं. तो सापडतो ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर, शिवाय कायद्याने संरक्षित. आमचं कॉलेज गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. सर म्हणाले, "समुद्राचं राहू दे, मामा तलावात काय मिळतं ते बघ."

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातला. आमच्या गावच्या तलावात ढिवर समाजाचे काका मोठा झिंगा वाढवतात, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. हा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं सुरुवातीला मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत, म्हणून बीज बाहेरून आणावं लागतं. समुद्राशी नातं असलेला प्राणी घरापासून सायकलच्या अंतरावर होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी शोधत होते ते प्रथिन म्हणजे अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन. झिंगे, खेकडे यांच्याकडे आपल्यासारख्या अँटीबॉडी नसतात. जंतू अंगात शिरून प्रथिनं कापणारी एन्झाइम सोडू लागले की त्यांना आवरायचं काम रक्तातल्या अशा रोधक प्रथिनांवर येतं. पीटर आर्मस्ट्राँग आणि जेम्स क्विग्ली यांनी १९८०च्या दशकात हॉर्सशू क्रॅबच्या रक्तात हे प्रथिन दाखवलं. तोवर ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरतंच ओळखीचं होतं. आपल्याही रक्तात ते आहे. मला हीच गोष्ट धरून ठेवत होती.

पहिल्या दिवशी सिरिंज घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गेले तर काकांनी विचारलं, "काऊन वं पोरी, झिंग्याचं रक्त कायले पायजे तुले?" सांगितलं. त्यांनी ओल्या पोत्यात झिंगा धरून दिला. पोटाच्या पहिल्या वळीच्या बुडाशी, खालच्या बाजूने सुई घातली. पाण्यासारखं, किंचित निळसर रक्त आलं आणि बघता बघता सुईतच त्याची जेली झाली. दुसऱ्या वेळी सिरिंजमध्ये आधीच गार सोडियम सायट्रेट भरून नेलं. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, मग रक्त गोठत नाही. यावेळी गोठलं नाही, पण एसटी उशिरा आली आणि कॉलेजात पोचेपर्यंत नमुना काळा पडला. रक्तातली मेलॅनिन हा काळा रंग बनवणारी साखळी सुरू झाली होती, आणि ती साखळीही प्रथिनं कापणारी एन्झाइमच चालवतात. तिसऱ्या वेळी मासळीच्या लिलावातला बर्फ थर्मासमध्ये भरून घेतला. तो नमुना टिकला.

आता खरी परीक्षा. ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम. त्याला बापना नावाचा छोटा रेणू दिला की तो तुटून द्रावण पिवळं होतं. मी ट्रिप्सिनमध्ये झिंग्याचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेलं रक्ताचं पाणी, मिसळला, थोडं थांबले, बापना टाकला. पिवळं. म्हणजे ट्रिप्सिन चालूच. पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. तीन आठवडे मी हेच करत राहिले आणि वहीत "रोध नाही" असं लिहीत राहिले. सरही म्हणाले, विषय बदलू.

पण त्याच मिश्रणाचा एक थेंब मी दुधाची पावडर घालून जेलीसारख्या घट्ट केलेल्या अगार प्लेटवरही टाकला होता. नुसत्या ट्रिप्सिनभोवती दुधातलं केसिन हे प्रथिन कापलं जाऊन पांढऱ्या प्लेटमध्ये काचेसारखं स्वच्छ कडं पडलं होतं. प्लाझ्मा मिसळलेल्या थेंबाभोवती काहीच नव्हतं, दूध जसंच्या तसं. रात्री लाइट गेली होती, मी मोबाइलच्या उजेडात प्लेट तिरपी करून परत परत पाहिली. एकच एन्झाइम बापना तोडत होतं आणि दुधातल्या केसिनला हात लावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळीवर काका बांबूचा सापळा रिकामा करत होते. आत एक मरळ. मी विचारलं, रात्रभर अडकलेला मासा उपाशी राहतो का? ते म्हणाले, "उपाशी कायले? बारके मासे फटीतून आत येतेतच ना." मी तिथेच बसले. अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन असंच वागतं, हे मी वाचलेलं होतं, पण कळलेलं नव्हतं. त्याच्या अंगावर आमिषासारखा एक भाग असतो. एन्झाइमने तो कापला की अख्खं प्रथिन आकार बदलून त्याच्याभोवती मिटतं. आतलं एन्झाइम जिवंतच असतं. केसिनसारखा मोठा रेणू त्याच्यापर्यंत पोचत नाही, बापना मात्र फटीतून आत जातो.

खात्रीसाठी सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर वापरला. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना नीट पचत नाही, त्यामागे हेच प्रथिन आहे. ते ट्रिप्सिनच्या तोंडात बूच बसवतं. मोकळ्या ट्रिप्सिनमध्ये टाकलं तर बापना घालूनही नळी बिनरंगाचीच राहिली. आधी प्लाझ्मा आणि मग सोयाबीनचं प्रथिन टाकलेली नळी मात्र पिवळी झाली, कारण बूच सापळ्याच्या आत जाण्याएवढं लहान नाही.

शेवटी ट्रिप्सिन मिसळण्याआधी प्लाझ्माला मिथिलअमाइन नावाचं रसायन देऊन पाहिलं. त्याने या प्रथिनातला थायोएस्टर नावाचा रासायनिक बंध तुटतो आणि सापळा आधीच निकामी होतो. त्या थेंबाभोवती दुधात पुन्हा स्वच्छ कडं उमटलं. प्रथिन शुद्ध करण्याची सोय आमच्याकडे नाही, म्हणून अहवालात मी "अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनसारखी क्रिया" एवढंच लिहिलं. "रोध नाही" लिहिलेली ती तीन आठवड्यांची पानं मी वहीतून फाडली नाहीत, प्रत्येकाखाली नव्या तारखेने खरा अर्थ लिहिला.